सीटखालचा घरजावई

मोटारगाडी ही विकत घ्यायची वस्तू आहे, अशी आपल्या मध्यमवर्गात एक गोड समजूत आहे. पैसे आपण मोजतो, पेढे आपण वाटतो, चाकाखाली लिंबे आपण चिरडतो आणि आर.टी.ओ.च्या कागदावर नावही आपलेच लागते. एवढ्याने गाडी आपली झाली असे ज्याला वाटत असेल त्याने एकदा, फक्त एकदाच, तिच्यातला रेडिओ बदलून पाहावा. इंजिन नव्हे, गिअरबॉक्स नव्हे. गाणी वाजवणारे एक साधे खोके. मग त्याला कळेल की आपण गाडीचे मालक नसून फार तर पालक आहोत. खायला-प्यायला घालायचे, आजारपण काढायचे, आणि तिच्या पोटात काय आहे ते मात्र विचारायचे नाही.

माझे भांडण कुणा एका कंपनीशी नाही. तेवढी ताकद माझ्या मनगटात नाही आणि वकिलाची फी माझ्या खिशात नाही. माझे भांडण एका वृत्तीशी आहे. किल्ल्या गिऱ्हाइकाला द्यायच्या आणि कुलपे आपल्याकडे ठेवायची, अशी ही वृत्ती. ती कुठे दडून बसते हे दाखवायला मोटारीतल्या रेडिओइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

आता थोडी तांत्रिक माहिती देणे भाग आहे. घाबरू नका. घरातला फ्यूज बदलण्यासाठी जे शेजाऱ्याला हाक मारतात त्यांनाही समजेल अशा भाषेत सांगतो.

बाजारात मिळणारा साधा कार-स्टिरिओ म्हणजे एकखांबी तंबू. गाणे वाचणारा तोच, आवाज मोठा करणारा तोच, आणि दारांतल्या चार स्पीकरांना तो वाटून देणाराही तोच. खोक्यावर ‘४ × ५० वॅट’ असे ठसठशीत छापलेले असते, ते मुलीकडच्यांनी सांगितलेल्या वयासारखे समजावे. गाडीतली वीज १२ ते १४ व्होल्टची, स्पीकर बहुधा ४ ओहमचा. हे गणित मांडले तर एका स्पीकरला स्वच्छ आवाजाचे २०-२२ वॅट मिळाले तरी नशीब. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. हा गडी उघडावाघडा आहे. त्याच्या पाठीतून निघणाऱ्या वायरींचे रंगसुद्धा जवळजवळ सगळीकडे ठरलेले असतात. पिवळी कायमच्या विजेची, लाल चावी फिरवल्यावरची, काळी अर्थिंगची, पांढरी आणि करडी पुढच्या स्पीकरांची, हिरवी आणि जांभळी मागच्यांची. कोणाही शहाण्या माणसाला अर्ध्या दिवसात जुळणी करता यावी.

जरा वरच्या दर्जाच्या गाडीत मात्र कामाची वाटणी झालेली असते. डॅशबोर्डवरचा रेडिओ गाणे नुसते पुटपुटतो, आणि दुसरीकडेच लपलेला ॲम्प्लिफायर ते मोठ्याने म्हणतो. शाहिराने ओठांतल्या ओठांत म्हणावे आणि झीलकऱ्याने साऱ्या गावाला ऐकवावे, तसे. हा झीलकरी कधी पुढच्या सीटखाली असतो, कधी डिकीच्या अस्तरामागे, कधी ग्लोव्ह बॉक्सच्या पाठीमागे. आठ-नऊ स्पीकरांच्या वायरी रेडिओतून निघतच नाहीत. त्या निघतात त्याच्यापासून.

मी याला घरजावई म्हणतो. तो घरात असतो, पण चारचौघांत दिसत नाही. त्याच्या संमतीशिवाय घरात कुणाचा आवाज निघत नाही. आणि त्याचा मानपान फार कडक असतो.

पहिला मान अक्षतीचा. नव्या स्टिरिओला एक निळी-पांढरी वायर असते. स्टिरिओ सुरू झाला की तिच्यातून १२ व्होल्ट जातात, ते जावईबापूंना रीतसर आमंत्रण. ते पोचले नाही तर बापू जागचे हलत नाहीत. पुढे काचेवर दिवे नाचतात, गाण्याचे नाव सरकते, आणि गाडीत स्मशानशांतता. दुसरा मान दबक्या आवाजाचा. त्याच्याशी बारीक आवाजातच बोलायचे. स्पीकरसाठी मोठा केलेला आवाज थेट त्याच्या कानात ओतला तर तो अशी खरखर काढतो की गायक कोण होता हे ओळखण्यासाठी ज्योतिषी बोलवावा लागावा. काही ठिकाणी त्याच्याकडे येणाऱ्या दोन वायरींपैकी एकही अर्थिंगची नसते. त्यातली एक उगाच अर्थिंगला टेकवली की आवाजात बिघाड आलाच. अर्थिंगचाच घोळ झाला तर ॲक्सिलरेटर दाबताच स्पीकरमधून डासासारखी कुईऽऽ निघते आणि वेगाबरोबर वर चढत जाते.

तिसरा मान भाषेचा, आणि तो सगळ्यांत अवघड. १९८६ साली बॉश कंपनीने गाडीतल्या यंत्रांनी एकमेकांशी दोन वायरींवरून बोलावे अशी एक पद्धत जगापुढे मांडली. कॅन-बस तिचे नाव. पद्धत उत्तम, वायरींची जुडगी वाचली. पण पुढे रेडिओही याच भाषेत बोलू लागला. काही गाड्यांत जावयाला निळ्या-पांढऱ्या वायरीची अक्षत चालत नाही, कंपनीच्या भाषेतला निरोपच लागतो. काही युरोपीय गाड्यांत तर रेडिओ, ॲम्प्लिफायर वगैरे मंडळी प्रकाशाच्या तंतूने हात धरून फेर धरतात. २००१च्या बी.एम.डब्ल्यू. सातव्या मालिकेपासून हा मोस्ट नावाचा फेर सुरू झाला. त्यातून एकाला काढले की फुगडीच मोडते. आणि काही गाड्यांत सीटबेल्टची टिंगटिंगसुद्धा रेडिओमार्फत वाजते. रेडिओ काढलात की सुरक्षिततेची घंटाही गेली!

इथवर जे झाले ते यंत्रशास्त्र. माझा राग यंत्रशास्त्रावर नाही. राग पुढच्या गोष्टीवर आहे.

माझी गाडी वापरलेली, पण चांगल्या घरातली. गेल्या वर्षी तिच्या मूळच्या सीडी-प्लेअरने कुमार गंधर्वांची एक सीडी गिळली आणि कायमचे डोळे मिटले. सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. टाय लावलेला एक तरुण पुढे आला. आमचा संवाद असा झाला.

“सर, हा पार्ट आता बंद झालाय. ऑर्डर देऊन मागवता येईल.” त्याने आकडा सांगितला. मी गाडी ज्या किमतीला घेतली तिचा जवळजवळ चौथा हिस्सा होता.

“मग बाहेरचा बसवतो.”

“बाहेरचा बसवला तर ॲम्प्लिफायर चालणार नाही, सर.”

“चालेल. फक्त कुठली वायर कशाची तेवढं सांगा. एक डायग्राम द्या.”

तो असा दचकला, जणू मी त्याच्या मालकाच्या मुलीची पत्रिका मागितली होती.

“सर, ते कॉन्फिडेन्शियल असतं.”

“अहो, पण गाडी माझीच आहे ना?”

“हो सर. गाडी तुमचीच आहे. डायग्राम कंपनीचा आहे.”

वाचकहो, हे वाक्य मी घरी येऊन कागदावर लिहून ठेवले. गाडी तुमची, डायग्राम कंपनीचा. उद्या शिंपी म्हणेल, सदरा तुमचा, बटणांची जागा आमची गुप्त बाब. डॉक्टर म्हणेल, पोट तुमचे, आतडी आमची. हसण्यावारी नेऊ नका. त्या तरुणाचा यात काही दोष नाही. त्याला पढवले होते तेच तो बोलला. पण ज्यांनी पढवले ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

कारण कागद मिळाला नाही की काय होते? माणूस नाना पेठेत जातो. मीही गेलो. तिथल्या पहिल्या दुकानदाराने सीटखाली डोकावून निदान केले, “काका, कशाला टेन्शन घेता? कंपनीचा ॲम्प काढून टाकू. आठही स्पीकर काढू. नवीन किट टाकू.” म्हणजे दाताला कीड लागली म्हणून जबडाच नवा! चांगले चालणारे आठ स्पीकर आणि धडधाकट ॲम्प्लिफायर भंगारात घालायचे, का? तर त्यांच्याशी काय बोलायचे हे कुणी सांगत नाही म्हणून.

दुसऱ्या दुकानातला कारागीर जास्त धाडसी निघाला. माझ्या तोंडातून ‘अहो’ बाहेर पडायच्या आत त्याने मूळचा प्लग कात्रीने उडवला होता. वायरी दातांनी सोलल्या, पिळल्या, वर काळी टेप. ॲम्प्लिफायर सुरू होईना, तेव्हा त्याने अक्षतीची वायर शोधण्याऐवजी बापूंना थेट पिवळ्या, म्हणजे कायमच्या विजेवर जोडले. गाणे दणक्यात वाजले. तो म्हणाला, “बघा!” मी पाहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीतल्या चार जणांनीही पाहिले, कारण गाडी ढकलायला तेच होते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. ते मळकट बर्म्युडात खाली आले, सीटखाली हात घातला आणि म्हणाले, “गरम लागतोय. हा गृहस्थ रात्रभर जागा आहे.” गाडी बंद, चावी माझ्या खिशात, आणि जावईबापू पहाटेपर्यंत बॅटरी पीत बसलेले.

आमच्या सौ. हे सगळे गॅलरीतून पाहत होत्या. “अहो, गाणी घरात बसून ऐकता येत नाहीत का?” असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. पण प्रश्न गाण्यांचा राहिलाच नव्हता.

त्या कारागिरावर मी रागावलो, नाही असे नाही. गिऱ्हाइकाच्या गाडीत कात्री घालणाऱ्याला मी माफ करणार नाही. गाडी एक दिवस दुसऱ्याकडे जाणार असते, आणि कापलेला प्लग हा पुढच्या मालकाच्या गळ्यात बांधलेला धोंडा असतो. शिवाय पिळून टेप लावलेला जोड उन्हाळ्यात सैल होतो, टेपचा चिकटपणा वितळतो, आणि उघडी तार पत्र्याला लागली की धूर निघू शकतो. पण त्याला तरी कागद कुणी दिला होता? आंधळ्याच्या हाती कात्री देणारा मोकळाच सुटतो, आणि आपण आंधळ्याशी भांडतो.

आता कंपन्यांची बाजू. ती ऐकलीच पाहिजे, नाहीतर हे भांडण सासू-सुनेचे होईल.

पहिला मुद्दा सुरक्षिततेचा. लोक वाटेल तसे जोडतात, गाड्या पेटतात, म्हणून माहिती द्यायची नाही. हे अजब आहे. माणूस अंधारात ठेचकाळतो म्हणून त्याच्या हातातला कंदील काढून घ्यायचा! वायरी चुकीच्या जोडल्या जातात त्या माहिती असल्यामुळे की नसल्यामुळे?

दुसरा मुद्दा चोरीचा. माहिती बाहेर गेली की रेडिओ चोरीला जातील. चोराबद्दल कंपन्यांचा काहीतरी गैरसमज आहे. चोर डायग्राम मागायला सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर येत नाही. पावती घेऊन रांगेत उभा राहतो तो मालक.

तिसरा मुद्दा खरा आहे, आणि मी तो मान देऊन ऐकतो. कंपनीचा ॲम्प्लिफायर त्या विशिष्ट गाडीसाठी जुळवलेला असतो. काच किती, गादी किती, दारातला स्पीकर किती ओहमचा, याचा हिशेब करून. बऱ्याचदा हे स्पीकर ४ नव्हे, २ ओहमचे किंवा त्याहून कमी असतात. त्यांना बाजारातल्या साध्या स्टिरिओवर थेट जोडले तर स्टिरिओच घामाघूम होतो. हे शास्त्र ज्यांनी मोठे केले त्यांत अमर बोस यांचे नाव घ्यावे लागते. एका बंगाली क्रांतिकारकाचा हा अमेरिकेत जन्मलेला मुलगा, एम.आय.टी.त प्राध्यापक. जनरल मोटर्सच्या १९८३च्या मॉडेलांसाठी त्यांच्या कंपनीने जी योजना केली तिच्यात प्रत्येक स्पीकरला स्वतःचा वेगळा ॲम्प्लिफायर होता. थोर काम. पण तुम्हीच सांगा, जुळवणी एवढी नाजूक असेल, तर ती मोडू नये म्हणून माहिती देणे जास्त गरजेचे की कमी? ॲम्प्लिफायर चांगला आहे म्हणूनच मला तो ठेवायचा आहे. भंगारात तो घालतोय तो कागद न मिळालेला माणूस.

आणि या बोसांचीच गोष्ट पाहा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, शाळकरी वयात, हा मुलगा घरी रेडिओ दुरुस्त करून संसाराला हातभार लावत होता. लोकांचे बंद पडलेले रेडिओ उघडत होता. त्या वेळी कुणी त्याला ‘बाळ, रेडिओ लोकांचा आहे, आतले कॉन्फिडेन्शियल आहे’ असे सांगितले असते, तर मोटारीतल्या गाण्याचे काय झाले असते?

मुळात मोटारीतला रेडिओ हा कंपनीने घरात जन्माला घातलेलाच नाही. तो बाहेरून आलेला. १९३० साली अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी जो रेडिओ आणला तो लोकांच्या असलेल्या गाड्यांत बसवण्यासाठी. मोटर आणि ‘व्हिक्ट्रोला’ यांची सांगड घालून त्याला मोटोरोला हे नाव दिले. पुढे जर्मनांनी डॅशबोर्डवरच्या खिडकीचे माप ठरवून दिले, रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०. आणि ते जगभर चालले. मागच्या प्लगचेही आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले. म्हणजे कुठलाही रेडिओ कुठल्याही गाडीत बसावा, ही जगाची रीत होती. आपल्याकडे अँबॅसिडर आणि फियाटच्या जमान्यात कॅसेट-प्लेअर बसवणे हा रविवार सकाळचा कार्यक्रम होता. मालक चहा सांगायचा, कारागीर पाना मागायचा, आणि बारा वाजेपर्यंत गाडी गाऊ लागायची. मग डॅशबोर्डला बाक आले, पडदे आले, प्रत्येक कंपनीचा प्लग वेगळा झाला, आणि मालक सोडून सगळे शहाणे झाले.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याला फोनवर हे सांगितले तर तो म्हणाला, “मामा, इथे दुकानात गाडीचं नाव आणि साल सांगितलं की जोडवायर मिळते. एक टोक गाडीच्या प्लगला, दुसरं स्टिरिओला. काही कापावं लागत नाही. भाषा वेगळी असली तर दुभाष्याचं खोकंही मिळतं.” तिथल्या कंपन्या संत आहेत असे नाही. तिथे लोक भांडले. १९७५ साली तिथे कायदा झाला, की अमुकच ब्रँडचा भाग वापरा नाहीतर वॉरंटी गेली, अशी अट दुकानदारी म्हणून घालता येणार नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली गाडीदुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना द्यायला लावली, आणि २०२० साली तो हक्क वाढवण्याच्या बाजूने सुमारे पाऊण मतदार उभे राहिले. आपणही अगदीच गप्प बसलेलो नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांपासून अडवून धरल्याबद्दल. मग रीतीप्रमाणे अपिले झाली. २०२२ साली ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात संकेतस्थळही उघडले. हक्क आहे, असे सरकारदरबारी म्हटले गेले आहे. काउंटरवरच्या टायपर्यंत ते अजून पोचायचे आहे.

आमच्या इंजिनिअरसाहेबांनी शेवटी दोन रविवार मीटर घेऊन एकेक वायर तपासली. अक्षतीची वायर सापडली. ती जाड पट्ट्याच्या आत, तपकिरी रंगाची निघाली. त्यांनी कापलेला प्लग दुसरा आणून डाखाने जोडला आणि वहीच्या पानावर सोळा वायरींचा तक्ता लिहून दिला. तो कागद मी गाडीच्या पुस्तिकेत चिकटवला आहे. चारशे पानांच्या त्या पुस्तिकेत सीटवर पाणी सांडल्यास काय करावे हे आहे, कुत्र्याला कुठे बसवावे हे आहे. त्या सोळा ओळी मात्र नव्हत्या.

माझी मागणी त्या सोळा ओळींची आहे. तुमचा शोध मागत नाही, आतल्या चिपचे गुपित मागत नाही. फक्त पाठीमागच्या वायरींची नावे, आणि जावयाला उठवायला काय लागते ते. गाडी देताना तुम्ही डॅशबोर्डवरचा गणपती देता, पेढ्यांचा पुडा देता, हार घालून फोटो काढता. त्या पुड्याखाली एक कागद ठेवा. खर्च पेढ्याच्या खोक्याइतकाही नाही.

जावयाचा मान आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आलो आहोत. याचाही ठेवू. वेळेवर अक्षत देऊ, हळू आवाजात बोलू, त्याच्याच भाषेत बोलू. पण आमच्याच घरात आणून बसवलात, तर त्याची पत्रिका आमच्या हातात द्या. ती तुमच्या कपाटात ठेवायला लग्न काही तुमच्या घरात झालेले नाही.